पंचावन्न किलोच्या आत

कय्यूमच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात त्या दिवशी गिऱ्हाईक एकही नव्हतं, तरी बसायला जागा नव्हती. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोरच्या त्या खोलीत अख्खी कबड्डीची टीम कोंबून बसली होती, कारण टीमचा मॅनेजर कय्यूम होता. गेल्या वर्षी गोंडपिपरीकडच्या सामन्यांत पोरं फायनलला पोचली आणि ऐनवेळी त्यांचा दम उखडला. कॅप्टन आदेश मध्यरेषेपाशी कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. ते कय्यूमला वर्षभर सलत होतं. यंदा पोरांच्या पोटात काय घालायचं, ते आज ठरणार होतं.

"मी अंडे उकडून देते ना," त्याची बायको जैनब आतल्या दाराशी येऊन म्हणाली.

"जीपमध्ये दहा जण, अन् साऱ्यायनं अंडे खाल्लेले! चालत्या गाडीतून उडी मारू का मी?"

भिजवलेले चणे त्याच कारणाने बाद झाले. डब्यातली पावडर चांगली, पण ती दुधात फिरवायला मिक्सर लागतो आणि मिक्सरला वीज लागते. लोडशेडिंगमुळे वीज यायची तेव्हा पोरं शेतात असायची. उरली ती नागपूरच्या एजंटने दाखवायला आणलेली तयार प्रोटीनची बाटली. झाकण फिरवायचं आणि प्यायचं, इतकं सोपं. कय्यूमने एक बाटली फोडून चहाच्या कपांत थोडी थोडी वाटली.

"काऊन रे, कसं आहे?"

"भाऊ, चॉकलेट खाऊन कोणी चूळ भरली असन, तसं लागते," आदेश म्हणाला.

"मले तं बरं लागलं," असं म्हणत मुखरूने आदेशचा कपही तोंडाला लावला. मुखरू म्हणजे टीमचा चढाईचा हुकमी खेळाडू. त्याला आजवर काहीच वाईट लागलं नव्हतं.

"एका बाटलीच्या पैशात दोन डझन अंडे येतेत," जैनब म्हणाली.

"अन् सोलत कोण बसन?" कय्यूमने विचारलं, आणि पूर्ण पेटी घेऊन टाकली.

सामने पंचावन्न किलो वजनगटाचे होते. मैदानात उतरण्याआधी प्रत्येकाने काट्यावर उभं राहायचं. काटा पंचावन्नच्या पुढे गेला की तो खेळाडू बाद. निघायच्या आदल्या संध्याकाळी कय्यूमने सगळ्यांना धान्याच्या दुकानात नेऊन मोजलं होतं. सगळे अगदी काठावर, पण आत. तो निर्धास्त होता.

सामन्यांच्या गावी मैदानाचा मंडप दिसू लागल्यावर त्याने जीप थांबवली आणि एकेकाच्या हातात बाटली दिली. "महागाची चीज आहे. एक थेंब सांडला तं पाह्यजा!"

पोरांनी नाक दाबून बाटल्या रिकाम्या केल्या. मुखरूने तीन प्यायल्या. कय्यूमने स्वतः घेतली नाही; उरलेल्या त्याला दुकानात विकायच्या होत्या.

काट्यापाशी पंच सुकलू गुरुजी बसले होते. पहिला आदेश चढला.

"पंचावन्न, दोनशे. उतर."

दुसरा चढला. "पंचावन्न, तीनशे." तिसरा, चौथा, सगळे तसेच. मुखरू चढला तेव्हा गुरुजींनी नुसतं वर पाहिलं.

"गुरुजी, काटा खराब दिसते," कय्यूम म्हणाला.

गुरुजींनी वीस किलोचं माप ठेवलं. काट्याने वीस दाखवले.

"हे वजन पोट्ट्यायचं नाई जी, बाटलीचं आहे!"

"मंग बाटली काढा बाहेर," गुरुजी म्हणाले. "मॅच लागेपर्यंत टाइम आहे."

त्यानंतर त्या गावाने जे पाहिलं ते तिथे अजून सांगतात. भर उन्हात दहा तरणीताठी पोरं, अंगावर गावातून मागून आणलेली घोंगडी आणि स्वेटर, शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने पळत होती. चौघांनी गावच्या न्हाव्याकडून डोकी भादरून घेतली. केसांचंही वजन असतं, ही कय्यूमची कल्पना. तिघांना चक्कर आली, ते जीपमध्ये आडवे झाले. एका बाईने दारातून विचारलं, "कोण गेलं जी यायच्या घरचं?"

शेवटच्या हाकेपर्यंत दोनशे-तीनशे ग्रॅम घामात गेले आणि सहा जण पंचावन्नच्या आत बसले. त्यांना आता उभंही राहवत नव्हतं. मुखरू मात्र तीन बाटल्यांसह बाहेरच राहिला. सातवा खेळाडू हवा होता.

कय्यूम काट्यावर चढला. काटा पन्नासलाही शिवला नाही.

"खेळा," गुरुजी म्हणाले.

पंधरा वर्षांनी कय्यूम मैदानात उतरला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो चढाईला गेला आणि चौथ्या "कबड्डी"लाच त्याचा श्वास संपला. समोरच्या पोरांनी त्याला पकडलंही नाही. दोघांनी काखेत हात घालून अलगद खाली बसवलं आणि विचारलं, "काका, पानी पेता का?"

पहिल्याच फेरीत टीम बाहेर पडली. घरी जैनबने भादरलेली डोकी पाहिली आणि ताटं वाढली.

उरलेल्या बाटल्या कय्यूमने फ्रिजच्या मागच्या बाजूला ढकलून ठेवल्या. आठवडाभराने सिंदेवाहीच्या टीमचे मॅनेजर झिंगूभाऊ दुकानात आले.

"कय्यूमभाऊ, ते बाटल्या आहेत का? असन तेवढ्या द्या."

कय्यूमचा चेहरा उजळला. निदान कोणाला तरी मालाची कदर होती. त्याने पटापट बाटल्या पिशवीत भरल्या. "टेस्टचं सोडा भाऊ, पण ताकत पक्की येते. तुमचे पोट्टे पाह्यजा कसे खेळतेत!"

"आमच्या पोट्ट्यायले कायले?" झिंगूभाऊ पिशवी उचलत म्हणाले. "समोरच्या टीमले पाजाच्या आहे. वजन कराच्या आधी."