ऑगस्टची जागा

काचेची पट्टी दोन बोटं रुंद होती, वीतभर लांब होती आणि मधोमध तडकलेली होती. तडा सरळ नव्हता. वरून खाली येताना तो किंचित डावीकडे वळला होता. पट्टी लावताना बांधकाम अभियंत्याने तिच्यावर लाल रंगाने तारीख लिहिली होती. तडा तारखेतूनच गेल्यामुळे दिवस एका तुकड्यावर आणि महिना दुसऱ्या तुकड्यावर राहिला होता. महिना ऑगस्ट होता.

भूकंपांची यादी करणाऱ्या संकलकबाईंनी ही पट्टी पाहिली तेव्हा कार्यालयाच्या सभागृहात दुसरं कोणी नव्हतं. भिंतीला चीर पडली की तिच्यावर अशी पट्टी आडवी चिकटवतात. काच ताणली जात नाही. भिंत जागच्या जागी असेल तर पट्टी शाबूत राहते; भिंत केसभर सरकली तरी ती फुटते. साधं, स्वस्त आणि खोटं न बोलणारं साधन. त्यामुळे या कार्यालयात ते फार दिवस टिकेल, अशी बाईंची अपेक्षा नव्हती.

हे कार्यालय दरवर्षी जगभरातल्या उल्लेखनीय भूकंपांची यादी काढत असे. जमीन तशी रोजच कुठे ना कुठे हलते. सगळ्यांचाच उल्लेख करायचा म्हटलं तर कागद पुरायचा नाही, म्हणून निवड करावी लागे. निवडीचे निकष बाईंनीच लिहिले होते. भूकंप मोठा असावा, किंवा त्यात माणसं दगावलेली असावीत, किंवा जे पडलं ते नाव घेण्याजोगं असावं. निवडलेले बारा भूकंप पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर छापले जात, महिन्याला एक. हे कॅलेंडर दवाखान्यांत, शाळांत आणि न्हाव्यांच्या दुकानांत आवडीने लावलं जाई. पानावर ठिकाण, रिश्टरचा आकडा, भूकंपाची खोली आणि शेवटच्या रकान्यात मृतांची संख्या असे. लोक पान त्या शेवटच्या रकान्यापासून वाचायला लागतात, हे बाईंना ठाऊक होतं. तिथली संख्या भरघोस असली, तरच नजर मागे ठिकाणाकडे वळते.

कार्यालयात भूकंपमापक यंत्र मात्र नव्हतं. कार्यालय भूकंप मोजत नसे, निवडत असे.

बाईंनी फुटलेल्या पट्टीची बातमी अभियंत्याला दिली. अभियंता सज्जन माणूस होता, म्हणजे वरिष्ठ समोर नसताना खरं बोलायचा. भिंत सरकते आहे आणि ही इमारत रिकामी करायला हवी, असं तो बाईंना म्हणाला. मग दोघं मिळून संचालकांकडे गेले, तेव्हा तो म्हणाला की पट्टी फुटली आहे.

संचालकांनी चष्मा पुसून विचारलं, "काच कुठल्या प्रतीची होती?"

अभियंत्याने सांगितलं, साधी. संचालकांना हायसं वाटलं. हलक्या प्रतीची काच फुटणारच, त्यात भिंतीला दोष देणं बरं नव्हे, असं त्यांचं मत पडलं. दुप्पट जाडीची काच मागवण्यात आली. ती फुटली. मग गाडीला लावतात तशी काच मागवण्यात आली. ती पाऊण महिना टिकली आणि तिच्या टिकण्याबद्दल अभिनंदनाचा ठरावही झाला, पण ठराव टंकित होईपर्यंत तीही फुटली. शेवटी खरेदी विभागाने पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आणली. ती फुटली नाही. भिंतीबरोबर ती गुमान वाकली. "पट्टी सुस्थितीत" असं प्रमाणपत्र अभियंत्याने दिलं आणि सही करताना बाईंकडे पाहिलं नाही. पट्टीखालच्या चिरेत आता पेन्सिल आडवी मावत होती.

बाईंना घाई होती, आणि घाईचं कारण चौथ्या मजल्यावर राहत होतं. वरच्या दोन मजल्यांवर कर्मचाऱ्यांची घरं होती. त्यांतल्या एका घरात बाई आणि त्यांच्या सासूबाई राहत. नवरा दूरच्या खाणीवर नोकरीला होता. सासूबाईंचे गुडघे गेलेले. लिफ्ट ऑगस्टातच दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये तिरकी होऊन अडकली होती आणि तिच्या दारावर "विश्रांती" अशी पाटी लागली होती. तेव्हापासून सासूबाई खाली उतरल्या नव्हत्या. इमारतीला रोज दुपारी बसणारे हादरे त्या स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या राहून मोजत. फळीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत.

"तुमचे साहेब काय म्हणतात?" त्या विचारत.

"तपासणी चालू आहे, आई."

"चालू दे. वाट्या मी खालच्या फळीवर ठेवल्यात. आता मला कुठल्या फळीवर ठेवतेस ते बघ."

आवाराच्या टोकाला एकमजली गोदाम होतं. जुनी कॅलेंडरं त्यात ठेवत. कागदाला इजा होऊ नये म्हणून ते मजबूत बांधलेलं होतं. भिंतींत पोलादी सळया होत्या, छप्पर हलकं होतं. इतक्या विचाराने बांधलेली दुसरी वास्तू आवारात नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबांना तूर्त तिथे हलवावं, असा बाईंचा अर्ज होता. त्यावर संचालकांनी प्रेमाने समजावलं होतं की घरं रिकामी करण्याचा आदेश फक्त उल्लेखनीय भूकंपानंतर देता येतो. आदेशाशिवाय जो घर सोडेल त्याने अफवा पसरवली असं समजलं जाईल. आणि उल्लेखनीय म्हणजे काय, हे बाईंपेक्षा चांगलं कोणाला माहीत असणार?

खरं होतं ते. बाईंनी आपलेच निकष काढून पुन्हा वाचले. वाक्य नेटकं होतं. त्यात शिरायला कुठे फट नव्हती.

हादरा मोठा होता का? मोजायला यंत्र नव्हतं. मोडतोड झाली होती का? पट्टी सुस्थितीत होती. मग राहिला शेवटचा रकाना.

हे बाई एका संध्याकाळी भाजी निवडताना सासूबाईंना सांगून बसल्या. सासूबाईंनी देठ बाजूला ठेवला. "म्हणजे यादीत यायला माझं काय व्हायला पाहिजे ते नीट सांग," त्या म्हणाल्या. "मी बघते जमतंय का."

बाई हसल्या नाहीत. सासूबाईही हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दाराशी एक कापडी पिशवी भरून ठेवलेली दिसू लागली. तिच्यात औषधं, एक शाल, चष्म्याची जुनी जोडी आणि नवऱ्याचा, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांचा, फोटो होता.

मध्यंतरी कार्यालय स्वस्थ बसलं नव्हतं. कामाच्या वेळेत हादऱ्याला हादरा म्हणू नये, "कंपनसदृश अनुभव" म्हणावं, असं परिपत्रक निघालं. हे अनुभव रस्त्यावरच्या अवजड गाड्यांमुळे येतात असा अंदाज निघाल्यावर रस्ता बंद करण्यात आला. गाड्या थांबल्या, अनुभव थांबले नाहीत. तेव्हा गाड्या लांबच्या रस्त्याने जात असल्यामुळे कंपनं लांबून येतात, असा सुधारित अंदाज निघाला. सभागृहातल्या चिरेवर जगाचा मोठा नकाशा टांगण्यात आला. त्यावर वर्षभराच्या उल्लेखनीय भूकंपांच्या जागी लाल टाचण्या टोचलेल्या होत्या. नकाशा सुंदर होता. तो लावल्यापासून चीर कोणालाही दिसली नाही.

वर्ष संपत आलं तसा वेगळाच पेच पडला. मार्चमध्ये तीन देश हलले होते आणि तिघांचीही आकडेवारी भक्कम होती. दोघांना डावलावं लागणार होतं. डावलल्या जाणाऱ्यांपैकी एका देशाने कळवलं की आमच्याकडे माणसं थोडी गेली हे कबूल, पण कोसळलेला पूल टपाल तिकिटावर होता, याचा विचार व्हावा. एका बेटाने नुसतं विचारलं की पुढच्या वर्षी काय करायला हवं. ऑगस्टमध्ये मात्र जगात कुठेही म्हणण्यासारखं काही पडलं नव्हतं. ऑगस्टचं पान कोरं होतं. कॅलेंडर अकरा महिन्यांचं काढता येत नाही, हे छापखान्याने आधीच स्पष्ट केलं होतं.

बाईंना पहिल्यांदाच वाट दिसली. त्या संचालकांच्या खोलीत जाऊन समोर बसल्या आणि आपल्याच इमारतीचं नाव ऑगस्टसाठी सुचवलं.

संचालकांच्या चेहऱ्यावर वर्षभरात दिसला नव्हता असा आनंद पसरला. कल्पना त्यांना मनापासून पटली. घरचा भूकंप, शिवाय फोटो काढायला प्रवास नको. निकष थोडे सैल करता येतील, म्हणाले. मग ते थांबले.

"पण बाई, आपण उल्लेखनीय ठरलो तर इमारत रिकामी करावी लागेल."

"हो, साहेब."

"इमारत रिकामी केली तर कॅलेंडर कोण काढणार?"

बाईंचं शिक्षण शास्त्राचं होतं. तर्क शुद्ध असला की त्यांना प्रतिवाद सुचत नसे. अखेर असं ठरलं की ऑगस्टचं पान "निर्णय प्रलंबित" अशा शब्दांनिशी छापायचं आणि निर्णय प्रकाशन समारंभात संचालकांनी स्वतः जाहीर करायचा. म्हणजे कॅलेंडरही निघेल आणि आदेशही निघेल. निघताना अभियंत्याने बाईंना कॉरिडॉरमध्ये गाठलं. समारंभ अंगणात घ्या, तो हळूच म्हणाला. हे साहेबांना सांगाल का, असं बाईंनी विचारल्यावर त्याला एकदम एक काम आठवलं.

समारंभ सभागृहातच झाला. अंगणात नकाशा टांगायला भिंत नव्हती.

सासूबाई सकाळपासून जिना उतरत होत्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात पिशवी, प्रत्येक मजल्यावर खुर्ची टाकून विसावा. बाईंनी पिशवी घेऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे, ती आहे म्हणून तोल आहे." निर्णय आपल्या कानांनी ऐकायचा आणि तिथूनच गोदामात जायचं, असा त्यांचा बेत होता. त्यांना पहिल्या रांगेत बसवण्यात आलं. ही जागा खरं तर मार्चच्या एका प्रतिनिधीची होती, पण तो डावलला गेल्यामुळे आला नव्हता.

सगळ्यांच्या हातात कॅलेंडरं दिली गेली. पानं उलटल्याचा आवाज सभागृहभर झाला. बाईंनी सवयीने पाहिलं, प्रत्येकाचा अंगठा पानाच्या उजव्या कडेला, शेवटच्या रकान्यावर होता. ऑगस्टवर येऊन अंगठे अडखळत होते आणि सप्टेंबरकडे जात होते.

संचालक बोलायला उभे राहिले. यंदाचं वर्ष एकंदर समाधानकारक गेलं, असं त्यांनी म्हटलं आणि तेवढ्यात जमीन हलली.

हा दुपारच्या किणकिणाटासारखा हादरा नव्हता. खालून कोणीतरी खांदा लावावा तसा तो आला आणि लवकर गेला नाही. दिवे झुलले. टाचण्या एकेक करून नकाशातून सुटल्या आणि फरशीवर पडल्या, आधी बेटं, मग डोंगराळ देश. खिळा निघाला आणि जगाचा नकाशा भिंतीवरून घसरून खाली बसला. मागची चीर छतापासून फरशीपर्यंत सगळ्यांना दिसली. तिच्यातून पलीकडचा जिना दिसत होता. प्लास्टिकची पट्टी एका बाजूने सुटून लोंबत होती. फुटली नव्हती.

कोणी उठलं नाही. संचालक उभेच होते, पण ते भाषणासाठी उभे होते, त्यामुळे तो इशारा धरता येत नव्हता. त्यांच्याआधी बाहेर पडणं म्हणजे निर्णयाआधी निर्णय घेणं. अभियंता आपल्या बुटांकडे पाहत होता. दुसऱ्या रांगेतला वार्ताहर मान वर काढून म्हणाला, "कोणी गेलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्या टेबलाशी नोंद घ्यायला बसल्या होत्या.

"मग बातमी कशाची?" वार्ताहराने पेन खिशाला लावलं. त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, नुसती निराशा होती.

निराशा त्याची एकट्याची नव्हती. इमारत अजून उभी होती. ही हकिकत इथवर वाचत आलेल्यालाही पट्टी तडकल्यापासून कसली वाट पाहायला लागली आहे, हे त्याचं त्याला माहीत आहे. चौथा मजला, गुडघे गेलेली म्हातारी, भरून ठेवलेली पिशवी. इतकी तयारी झाल्यावर सगळे धडधाकट बाहेर पडले, तर हकिकतीत उल्लेखनीय ते काय? निकष कार्यालयाचे असले, तरी ते गिऱ्हाइकांना विचारूनच ठरतात.

छतातून चुना गळू लागला. तो संचालकांच्या कोटावर पडला, तसा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी घसा साफ केला आणि चार महिने अडलेला निर्णय जाहीर केला.

"ऑगस्ट मंजूर," ते म्हणाले. "बाई, लिहून घ्या. मृतांचा रकाना सध्या मोकळा ठेवा."

बाईंनी लिहिलं. हात सवयीचा होता. ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली, शेवटी आडवी रेघ मारून चौकोन आखला. चौकोन नीट आला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग पहिल्या रांगेकडे पाहिलं. सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन, दोन्ही हात तिच्यावर ठेवून सुनेकडे बघत होत्या. बसमध्ये आपलं ठिकाण आलं का, हे ओळखीच्या माणसाकडे बघून विचारावं, तशा.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्या उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज इतका साधा होता की मागच्या रांगेला तो परिपत्रकातलाच एखादा मुद्दा वाटला असता.

"उठा सगळे, गोदामाकडे चला," त्या म्हणाल्या. "आई, हात द्या. त्या रकान्यात आज कोणीही जायचं नाही."