शिक्केसाहेबांच्या घरची तपासणी

बायकोला मदत करावी असं शिक्केसाहेबांच्या मनात वर्षातून एकदोनदाच येतं, आणि दर वेळी घरात काहीतरी मोडतं. त्या रविवारी मोडलं काहीच नाही, पण ते केवळ नशीब.

शिक्केसाहेब वजनमाप खात्यात निरीक्षक आहेत. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनं पारखायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, खोटी असतील तर जप्त करायची. सव्वीस वर्षं हेच. बाजारात त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊक नाही; 'शिक्केसाहेब आले' एवढी कुजबुज झाली की चार दुकानं पलीकडच्या काट्यांवरची धूळ झटकली जाते. सव्वीस वर्षांत त्यांनी कुठल्या दुकानात घोटभर चहासुद्धा घेतलेला नाही. (हे ते स्वतःच सांगतात, आणि दिवसातून किमान दोनदा सांगतात.)

त्यांची बायको शिवणाचा वर्ग चालवते. बाईंनी आठ महिने खपून शिवणकामावर एक पुस्तक लिहिलं होतं. एकशे ऐंशी पानं, प्रत्येक पानावर स्वतः काढलेल्या आकृत्या, आणि सगळं घरच्या कॉम्प्युटरवर. सोमवारी सकाळी दहाला ते छापखान्यात द्यायचं होतं. नाही दिलं, तर छापखानेवाले दुसरं मोठं काम हातात घेणार होते आणि मग चार महिने त्यांची यंत्रं मोकळी होणार नव्हती.

"पुस्तकाचा प्रोग्रॅम अडून बसलाय," चपला घालता घालता बाई म्हणाल्या. "आधी कॉम्प्युटर अपडेट करा म्हणतोय. मी दोनला वर्गावरून आले की करते आणि बाहीचं प्रकरण एकदा नजरेखालून घालते. तुम्ही त्याला हात लावू नका."

"मी कशाला हात लावतोय!" साहेब पेपरामागून म्हणाले.

बाई गेल्या. पेपर संपला. आणि साहेबांच्या मनात तो घातकी विचार आला, की ती दमूनभागून येईल, तोवर आपणच ते अपडेट उरकून ठेवलं तर? केवढी खूश होईल!

कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर चौकोन आलाच. माणसं असल्या चौकोनाकडे बघतही नाहीत, खालचं बटण दाबतात आणि चहा टाकायला जातात. साहेबांचं तसं नाही. ते औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. डाउनलोड करण्यापूर्वी आपली प्रत अस्सल आहे की नाही, याची तपासणी अनिवार्य आहे. प्रत अस्सल नसल्यास काही सुविधा बंद होऊ शकतात. खाली निळं बटण: 'तपासा'.

तपासणी. अनिवार्य. अस्सल. हे तिन्ही शब्द साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवले होते. ते आपल्याच घरात आपल्याकडे तोंड करून उभे राहतील, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्यांना मेहुणा आठवला.

हा कॉम्प्युटर पाच वर्षांपूर्वी मेहुण्याने जुळवून दिला होता. मेहुण्याच्या खिशात कायम एक स्क्रू ड्रायव्हर असतो आणि जगातली कुठलीही वस्तू त्याच्याकडे 'कुठून तरी' येते. तेव्हा तो म्हणाला होता, "भावजी, आतलं सगळं सॉफ्टवेअर मी टाकून देतो. माझ्याकडे सीडी आहे." कुठली सीडी, कोणाची सीडी, त्यावर शिक्का होता का, हे साहेबांनी विचारलं नव्हतं. सव्वीस वर्षं दुकानदारांना जो प्रश्न पहिला विचारला, तो घरात विचारायचा राहून गेला होता.

साहेबांची पाचावर धारण बसली. बटण दाबलं आणि प्रत खोटी निघाली, तर सुविधा बंद. 'काही' म्हणजे किती, याचा अनुभव त्यांना होता. खात्याच्या नोटिशीत 'काही' असलं की दुकानाला कुलूपच लागतं. म्हणजे पुस्तक आत अडकणार. आठ महिन्यांची आकृती न् आकृती. आणि बटण नाही दाबलं, तर प्रोग्रॅम उघडणार नाही, म्हणजे पुस्तक तरीही आतच.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? एक पेनड्राइव्ह आणून पुस्तक त्यात उतरवून घेतलं असतं. साहेबांच्याही हे डोक्यात आलं. पेनड्राइव्ह हातातही घेतला. पण तो खुपसणार तोच त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. तपासणी होणार असं कळल्यावर दुकानातला माल मागच्या दाराने हलवणं, यासारखा दुसरा पुरावा नाही! याच कलमाखाली त्यांनी स्वतः अकरा जणांना धरलं होतं. पेनड्राइव्ह त्यांनी इंगळासारखा खाली टाकला.

मग वाट एकच उरली. त्यांच्या खात्याची रीत अशी, की जो दुकानदार तपासणीआधी स्वतःहून येऊन 'साहेब, माझा काटा चुकतोय' म्हणतो, त्याच्यावर खटला होत नाही, समज देऊन सोडतात. साहेबांनी स्वतःहून जायचं ठरवलं. कंपनीचा मदतीचा नंबर शोधला, कामावरचा इस्त्रीचा शर्ट घातला (फोनवर दिसत नाही हे मान्य, पण कबुली देताना बनियन बरा नव्हे) आणि फोन लावला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" पलीकडून एक मुलगी म्हणाली.

"मला एका चोरीची कबुली द्यायची आहे."

"सर, चोरीसाठी आपल्याला पोलिसांना फोन करावा लागेल."

"माझ्याकडे चोरी झालेली नाही. मी केलीय. म्हणजे मेहुण्यानं केलीय, पण ताब्यात माझ्या आहे."

"काय वस्तू आहे सर?"

"तुमचीच आहे."

थोडा वेळ नुसतंच संगीत वाजलं.

"सर, आपण अपडेटबद्दल बोलताय का? पडद्यावर 'तपासा' असं बटण आहे, ते दाबा."

"दाबल्यावर कोण येतं?"

"कोणी येत नाही सर."

"म्हणजे साध्या वेशात?"

"सर, ती तपासणी आपोआप होते."

"पंचांशिवाय?" साहेबांचा आवाज चढला. "अहो ताई, तपासणी म्हटली की दोन पंच हवेत, पंचनामा हवा, सह्या हव्यात! असं परस्पर आत शिरून बघायचं म्हणजे काय? आम्ही साध्या तराजूलासुद्धा हा मान देतो!"

"आपण या उत्तराने समाधानी असाल तर एक दाबा," मुलगी म्हणाली आणि गेली.

कंपनीला पद्धत नसेल, पण साहेबांना होती. कामाची पिशवी घरीच असते. तिच्यातून सुतळी निघाली, लाख निघाली, मेणबत्ती निघाली. वस्तू आहे त्या स्थितीत सीलबंद करायची, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मागाहून फेरफार केला. साहेबांनी कॉम्प्युटरच्या डब्याला उभी-आडवी सुतळी आवळली, गाठीवर लाख ओतली आणि पंच म्हणून समोरच्या घरातल्या काकूंना बोलावून आणलं.

काकूंनी दारातूनच विचारलं, "फुटेल का हो हे?"

"फुटायला काय झालं? तुम्ही फक्त सही करा."

"कशाखाली?"

"की हा डबा तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिला."

"पाहिला बाई पाहिला," म्हणत काकूंनी सही केली आणि जाताना आपल्या घराचं दार आतून दोन कड्या लावून बंद केलं.

दुसरा पंच म्हणून साहेबांनी मेहुण्यालाच फोन केला. आरोपी पंच होऊ शकत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर तो आलाही होता. साहेबांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि आपण समोर उभे राहिले.

"ती सीडी कुठून आणली होतीस?"

"कुठली सीडी?"

"पाच वर्षांपूर्वीची."

"भावजी, मला काल काय जेवलो ते आठवत नाही."

"अस्सल होती का?"

"चांगली चकचकीत होती की."

साहेब मटकन खाली बसले. संपलं. त्यांना उद्याचा दिवस दिसायला लागला. छापखान्याच्या दारात रिकाम्या हाताने उभी असलेली बायको दिसली. आठ महिने ती वर्ग आटोपून आली की जेवणाआधी तासभर या पडद्यासमोर बसायची, आकृतीतली एकेक रेघ पुसून पुन्हा काढायची, आणि आपण 'जेवायचं कधी?' एवढंच विचारायचो. दुकानदारांचे काटे गेले तेव्हा त्यांनी कधी असा विचार केला नव्हता. पण हे तिचं होतं, आणि ते आपल्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी जाणार, या विचाराने त्यांना खरोखर भडभडून आलं.

एवढ्यात दार उघडलं. दोनला येणाऱ्या बाई बारालाच आल्या होत्या. त्यांनी आधी भावाकडे पाहिलं, मग सुतळीकडे, मग रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून जमिनीवर बसलेल्या नवऱ्याकडे.

"मी तुझा अपराधी आहे," साहेब म्हणाले.

"ते नंतर बघू. आधी उठा, तिथं लाख सांडलीय."

"ऐकून तर घे! आपला कॉम्प्युटर चोरीचा आहे. तुझ्या या भावाने—"

बाईंनी पिशवीतली कात्री काढली आणि कच्चकन सुतळी कापली.

"सील तोडलंस?" साहेब ओरडले. सव्वीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांदेखत कोणी सील तोडलं नव्हतं.

बाईंनी कॉम्प्युटर सुरू केला, काहीतरी टाइप केलं आणि निळं बटण सरळ दाबून टाकलं. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. साहेबांनी डोळे मिटले. मेहुणा उगीचच उभा राहिला. चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. (चहा उकळायला लागतो त्याहून जास्त वेळ गेला नसेल, पण साहेबांचे त्या वेळात चार केस पिकले असं ते सांगतात.)

"वाचा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी एक डोळा उघडला. आपली प्रत अस्सल आहे. धन्यवाद.

"अस्सल?" साहेब म्हणाले.

"अस्सल?" मेहुणा त्यांच्याहून मोठ्यानं म्हणाला. "ताई, हे माझं नाहीच!"

"नाहीच आहे. पुस्तक सुरू करायच्या आधी तुझं सगळं पुसून टाकलं आणि रीतसर विकत आणलं. एवढं काम काय चकचकीत सीडीवर करत बसू?" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला पावतीसुद्धा दाखवली होती. तुम्ही पेपरामागून 'हं' म्हणालात."

साहेबांचा जीव असा काही भांड्यात पडला, की त्यांना पाणी मागावं लागलं. त्यांनी खिडकी उघडली. बाहेरचा रस्ता तोच होता, पण त्यावर कोणी साध्या वेशातला नव्हता. अपडेट उतरलं, कॉम्प्युटर एकदा बंद होऊन चालू झाला आणि पुस्तक उघडलं. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी पानं. बाहीच्या आकृत्या जागच्या जागी. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा ते प्रकरण पूर्ण वाचलं आणि कळलं नाही तरी "फार छान" म्हणाले. मनापासून म्हणाले. बाई हसल्या. मेहुणा आपला कोणी सत्कार करणार नाही हे ओळखून निघून गेला.

भीती उतरली तसा साहेबांचा रुबाब परत आला. त्यांनी शर्टाची बाही खाली केली.

"घाबरलो नव्हतो मी," ते म्हणाले. "पद्धत म्हणून केलं. नाहीतर बटण काय, मीही दाबलं असतं."

"तुम्ही दाबून काही झालं नसतं."

"का?"

"पासवर्ड लागतो. तो माझ्याकडे आहे."

"आणि कॉम्प्युटरवर माझं जे वेगळं खातं आहे, तुझ्या खात्याशेजारी, पिवळ्या बदकाचं चित्र असलेलं?"

बाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी फोन काढून पुढे केला. "मी दोनच्या ऐवजी बारालाच का आले, विचारलं नाहीत तुम्ही. फोन वर्गात टेबलावर होता. त्यावर आलेलं हे सगळ्या जणी वाचत होत्या. दोघींनी तर तुमच्या मापाचा जाड पायजमा कापायला घेतलाय, तिथं गारठा असतो म्हणून."

साहेबांनी चष्मा पुसला आणि सवयीप्रमाणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. (यातलं त्यांनी आजवर आम्हालाही सांगितलं नव्हतं.)

'पालकांस सूचना. आपल्या पाल्याने आज सकाळी पुढील गोष्टी शोधल्या: मेहुण्याच्या गुन्ह्यात आपल्याला किती शिक्षा होते, सात वेळा. तुरुंगात चष्मा ठेवू देतात का, चार वेळा. बायको रडल्यास काय बोलावे, एकोणीस वेळा. कृपया आपल्या पाल्याशी प्रेमाने बोला. पाल्याचा वयोगट: सहा ते नऊ.'

साहेबांनी चष्मा पुन्हा पुसला आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"सहा ते नऊ?" ते म्हणाले.

"आधी तीन ते पाचच ठेवला होता," बाई समजुतीने म्हणाल्या. "पण त्यात बातम्या दिसत नव्हत्या आणि तुम्ही फार रडारड करायला लागलात."