औषधापुरतं लोणी

"लोणी आण," निरीक्षक म्हणाले.

बायको ताटली हातात घेऊन दारातच थबकली. ताटलीत उकडलेला कोबी होता, उकडलेलं गाजर होतं आणि पावाचा एक कोरडा तुकडा होता. निरीक्षकांच्या अंगावर दोन ब्लँकेटं होती, तळहातावर मलेरियाच्या चार पिवळ्या गोळ्या होत्या आणि अंगात एकशे तीन ताप होता.

"काय आणू?"

"लोणी. नाहीतर सायीचं दूध. या गोळ्या स्निग्ध पदार्थाबरोबरच घ्यायच्या असतात. डॉक्टरबाई म्हणाल्या."

"हो का!" बायकोने ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. "आणि मागे त्याच म्हणाल्या होत्या ना, की केक फुप्फुसांना चांगला असतो?"

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर या बाईचा संशय कुणालाही अन्यायाचाच वाटेल. निरीक्षकांना तर तो वाटतच होता. एकोणतीस वर्षं ते वजनमापे खात्यात होते. त्यांचं पाऊल बाजारात पडलं की भल्याभल्या दुकानदारांची पाचावर धारण बसे. तराजू केसभर कलला तरी त्याला सील ठोकणारा हा माणूस. पण दोन वर्षांपूर्वी रक्तात कोलेस्टेरॉल निघालं, घरातलं लोणी बंद झालं आणि साहेबांची सचोटी उंबऱ्याबाहेर राहू लागली. घरचा वजनकाटा अडीच किलो मागे सरकवून त्यांनी चार महिने "बघ, उतरतंय" म्हणत स्वतःचं कौतुक करून घेतलं. बायको ग्रंथालयात कामाला. एकदा तिने पोस्टात पाठवायचं पुस्तकांचं पार्सल घरी तोलून नेलं, ते पोस्टाच्या काट्यावर अडीच किलो जास्त भरलं, आणि बिंग फुटलं. त्या दिवसापासून निरीक्षकांनी "आज मंगळवार" म्हटलं तरी ती कॅलेंडर बघायची.

आणि आज ते खरं बोलत होते. अगदी शब्दन्‌शब्द खरं, आणि तेही तापात.

सकाळीच तर दोघं दवाखान्यात गेले होते. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंनी विचारलं, "वजन किती?"

"बहात्तर," निरीक्षक म्हणाले.

"एक्क्याऐंशी," बायको म्हणाली.

"पस्तीसच्या वर आहे ना? मग पुरे. डोस तोच," असं म्हणून डॉक्टरबाईंनी वाद मिटवला. चार गोळ्या एका वेळी, असे सहा डोस, तीन दिवसांत. एवढं ऐकून बायको रिक्षा थांबवायला बाहेर गेली, आणि नेमकं महत्त्वाचं बोलणं तिच्या पाठीमागे झालं.

"या गोळीत दोन औषधं आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक तुमच्यासारखं छापा टाकणारं. झपाट्याने जंतू मारतं आणि काही तासांत अंगातून निघून जातं. दुसरं मागे ठाण मांडून बसतं आणि लपलेल्यांना दिवसेंदिवस टिपत राहतं. पण हे दुसरं पोटात स्निग्ध काही असल्याशिवाय रक्तात नीट उतरत नाही. तेव्हा दर डोसाला पावावर लोणी घ्या, नाहीतर सायीचं दूध."

"लोणी?" निरीक्षकांचा कानांवर विश्वास बसेना.

"तीन दिवसांपुरतं. ते दुसरं औषध अंगात उतरलं नाही तर थोडे जंतू उरतील आणि काही आठवड्यांत ताप परत येईल. हा मलेरिया साधा नाही. आणि गोळी घेतल्यावर तासाच्या आत उलटी झाली, तर तो डोस पुन्हा घ्यायचा. विसरू नका."

निरीक्षक कसले विसरतात!

"दवाखान्यात फोन लाव," ते आता कोबीकडे न बघता म्हणाले. "लाव फोन! होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!"

बायकोने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. डॉक्टरबाई दुपारपर्यंत मोठ्या इस्पितळात गेल्या होत्या आणि कंपाउंडरने फोन उचलला. तो नाकाने कांदे सोलणारा गृहस्थ होता. "थांबा, फाईल बघतो," म्हणाला. पानं उलटल्याचा आवाज आला. "हं. इथे लाल शाईने लिहिलंय बघा. लोणी, साय पूर्ण बंद. खाली दोन रेघा मारल्यात. सही बाईंचीच आहे."

"अहो, ते दोन वर्षांपूर्वीचं!" निरीक्षक ब्लँकेटातून ओरडले.

"पेशंट लोणी मागतायत का?" कंपाउंडरने विचारलं. "फाईलवर तसंही लिहिलंय. 'पथ्याच्या बाबतीत पेशंटवर विश्वास ठेवू नये.'"

निरीक्षकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधीच एकशे तीन असलेल्या मस्तकाला हे झेपण्यासारखं नव्हतं.

"अगं, मी मरेन ना लोण्याशिवाय!"

"हे तुम्ही दोन वर्षं रोज म्हणताय," बायको म्हणाली. तिला काही आनंद होत नव्हता. तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि आवाज चिरकला होता. "दुधाने तोंड पोळलंय हो माझं. ताकसुद्धा फुंकून पिणार मी. घ्या त्या गोळ्या."

घेतल्या. कोबीबरोबर घेतल्या. आणि वीस मिनिटांत गोळ्या, कोबी आणि गाजर सगळं ज्या वाटेने गेलं होतं त्याच वाटेने बाहेर आलं.

"आता हा डोस पुन्हा घ्यावा लागणार," तोंड धुऊन निरीक्षक कसेबसे म्हणाले. "तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यायचा असतो. म्हणजे चार गोळ्या जास्तीच्या लागतील."

"हेसुद्धा डॉक्टरबाईच म्हणाल्या?"

यावर निरीक्षक उठले. ब्लँकेट खांद्यावर घेतलं, पायात चपला सरकवल्या आणि दात वाजत असताना म्हणाले, "चल. औषधाच्या दुकानात चल. दुकानदार सांगेल."

"अहो, या अवस्थेत कुठे निघालात? मी जाते ना!"

"तू एकटी नको! तो सांगेल एक आणि तू येऊन सांगशील दुसरं! साक्षीदार समोर हवा!"

औषधाचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. पण दाराशी पोचल्यावर निरीक्षकांना आठवलं, की तिथलं नाणं टाकून वजन सांगणारं यंत्र त्यांनी मागच्याच महिन्यात बंद पाडलं होतं. ते गिऱ्हाइकाला दीड किलो जास्त दाखवायचं. यंत्राच्या मानेवर त्यांच्याच खात्याचं लाखेचं सील चमकत होतं आणि त्यामागे दुकानदार हाताची घडी घालून उभा होता.

"या साहेब," दुकानदार म्हणाला. "तब्येतीने तुम्हालाच सील ठोकलेलं दिसतंय."

"या गोळ्या लोण्याबरोबर घ्यायच्या की नाही, ते हिला सांगा," निरीक्षक म्हणाले.

"मी कशाला सांगू? माझा काटा खोटा, मग माझं बोलणं तरी खरं कशावरून?"

एकोणतीस वर्षांत निरीक्षकांना कुणी इतकं बिनतोड उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी सील ठोकलेल्या त्याच यंत्राचा आधार घेतला. ते बघून दुकानदाराचा चेहरा बदलला. त्याने चटकन स्टूल पुढे सरकवलं, नवं पाकीट फोडलं आणि आतला घड्या घातलेला कागद निरीक्षकांच्या बायकोच्या हातात दिला. "माझं नका ऐकू. छापलेलं वाचा."

छापलेलं म्हटल्यावर बायकोने चष्मा लावला. मधूनच वाचणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं. ती पहिल्या ओळीपासून लागली. औषध कुठे साठवावं, मुलांपासून किती दूर ठेवावं, सगळं तिने उभ्या उभ्या वाचलं आणि निरीक्षक स्टुलावर कुडकुडत राहिले. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"'स्निग्ध आहारासोबत घ्यावे,'" तिने वाचलं. मग पुढची ओळ. "'एका तासाच्या आत उलटी झाल्यास पूर्ण डोस पुन्हा घ्यावा.'"

बायकोने चष्मा उतरवला.

"अगं बाई," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "अहो, मग मला आधी सांगायचं नाहीत का?"

"सांगितलं नाही?" निरीक्षकांचा आवाज समोरच्या दुकानापर्यंत गेला. "सांगितलं नाही मी?"

त्यानंतरचे तीन दिवस त्या घराने कधी पाहिले नव्हते असे गेले. बायकोने जाडजूड लोण्याची वडी आणली. पावाच्या कापावर बोटभर थर दिला, शेजारी सायीच्या दुधाचा पेला ठेवला आणि स्वतः समोर बसली. निरीक्षकांनी दोन वर्षं ज्याची स्वप्नं पाहिली होती तो घास तोंडात घातला.

मेणबत्ती चावल्यासारखं लागलं. तापाने जीभ कडू जहर झाली होती.

"बास," ते म्हणाले.

"बास कसं? डॉक्टरबाई म्हणाल्यात."

"अगं, थोडं म्हणाल्या होत्या."

"कागदात थोडं असं लिहिलेलं नाही. आ करा."

सहाच्या सहा डोसांना हेच. ज्या बाईने दोन वर्षं लोण्याचं बोट लागू दिलं नाही, ती आता चमच्याने भरवत होती आणि निरीक्षक तोंड फिरवून चुळबुळत होते. हे सुख नशिबात यायचं आणि तेही नेमकं जीभ मेलेली असताना, याचा जाब कोणत्या खात्यात मागायचा हे त्यांना कळेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा डोस पोटात गेला. चौथ्या दिवशी सकाळी घाम फुटला आणि ताप पूर्ण उतरला. निरीक्षकांना अशी कडकडून भूक लागली की जिने उतरणाऱ्या शेजाऱ्याच्या पिशवीतल्या पावाचासुद्धा वास आला. हातपाय धुऊन ते टेबलाशी येऊन बसले.

समोर उकडलेला कोबी आला.

"लोणी?" निरीक्षकांनी विचारलं.

"औषध संपलं ना काल."

"अगं, पण ते दुसरं औषध अजून कितीतरी दिवस अंगात ठाण मांडून बसणार आहे! डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, तोपर्यंत..."

बायकोने फ्रीजच्या दारावर चिकटवलेला कागद काढला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. निरीक्षकांनी मुकाट्याने चमचा उचलला.

पहिला घास तोंडात गेला आणि ते थांबले. दुसरा गेला. कोबी गोड लागत होता. नुसत्या मिठावरचा, पाण्यात उकडलेला कोबी आणि असा की ताटली चाटावी! तीन दिवसांत झालेल्या सगळ्या अन्यायांत निरीक्षकांना या अन्यायाचा सर्वांत जास्त संताप आला. खाताना त्यांच्या कपाळाची शीर उडत होती आणि तरीही त्यांनी ताटली पुसून काढली.

बायकोने कागदावरून नजर वर केली. "कसा झालाय?"

"नेहमीसारखाच," निरीक्षक चमचा आपटून म्हणाले. "बेचव!"

आणि हे मात्र तिला लगेच पटलं.