दोन फूट नऊ इंच दोन सूत

२०२४ साल. मी पंचाहत्तर वर्षांचा. नागपूरच्या नंदनवन भागातल्या माझ्या घराच्या ओट्यावर बसलो होतो, तर समोरच्या घरातली प्रणाली येऊन म्हणते, "आबाजी, पाय उचला."

"काहून?"

"पायाखाली रस्ता आहे. मोजायचा आहे."

ओटा माझा, त्यावरची शहाबादी फरशी मी माझ्या हातानं बसवलेली, आणि ही पोरगी म्हणते खाली रस्ता आहे. मी पाय उचलले नाहीत. शेजारी बसलेली आमची म्हातारी म्हणाली, "उचला ना जी, पोरगी वाकून राहिली." तरी नाही उचलले. मग तिनं टेप माझ्या पायांवरूनच नेली. "दोन फूट नऊ इंच. इतका ओटा रस्त्यावर आला आहे."

आता मी शिकलो चौथीपर्यंत. पण चाळीस वर्षं लकडगंजात लाकडाच्या टालावर काढली. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि सूतभर फरक मला नुसत्या डोळ्यानं कळतो. मी म्हटलं, "चूक. दोन फूट नऊ इंच अन् दोन सूत." तिनं पुन्हा मोजलं. माझंच बरोबर निघालं. तिनं वहीत तसं लिहून घेतलं, मी खूश झालो. आपल्याच विरुद्धची साक्ष आपण पक्की करून दिली, हे मला जेवताना कळलं.

प्रणाली नगररचना शिकत होती. शहरात रस्ता कुठं असावा, नाली कुठं, बाग कुठं, ते ठरवायचं शिक्षण. त्यातही दोन डिग्र्या एकदम. खालची चार वर्षांची, वरची दोन वर्षांची, आणि एकत्र केल्या की पाच. मी म्हटलं, "चार अन् दोन पाच? आमच्या टालावर असं मोजणाऱ्याले मालकानं दुपारपर्यंत ठेवलं नसतं." तिच्या आईचं वेगळंच. "एका डिग्रीनं पोरगा भेटते वं. दोन पाहून पाहुणे भेतात."

पाहुणे डिग्र्यांना भीत नव्हते. भीत होते ते तिच्या एका वाक्याला: "मोजलं का?" बाप कोराडीच्या वीज कारखान्यातून ड्युटी करून आला आणि म्हणाला, बससाठी लय वेळ उभं राहावं लागलं, तर "किती मिनिटं? मोजलं का?" एकदा स्थळ आलं. पोराचा काका चहा पिता पिता बोलला, "आमच्या घरासमोर चाळीस फुटाचा रोड आहे." ही ट्रे हातात घेऊन, "मोजला का?" काकानं कप अर्धाच ठेवला. चौकातल्या तर्रीपोहेवाल्याला तिनं शेगडी आठ इंच मागं घ्यायला लावली. त्यानं घेतली. पण तेव्हापासून तिच्या प्लेटीत तर्री कमी पडू लागली. तेवढं मात्र तिनं कधी मोजलं नाही, मीच पाहिलं.

संध्याकाळी ती माझ्याच ओट्याच्या कोपऱ्यावर वही घेऊन बसे. पायी किती गेले, सायकली किती, गाड्या किती, सगळ्यांच्या रेघा मारायच्या. म्हातारी तिला चहा द्यायची. मी बोलायचो नाही. ओट्याचं मला विसरायचं नव्हतं.

दिवाळीच्या आधी म्हातारी गेली.

लोक येऊन गेले. प्रणाली आली, ओट्यावर तासभर बसली. उठताना म्हणाली, "आज सायकली कमी होत्या, आबाजी." मला संताप आला. घरचं माणूस गेलं आणि ही सायकली सांगते. पण दुसऱ्या दिवशीही आली. रोजच यायची, आणि उठताना सायकली सांगायची. मी समजलो, अभ्यास असेल.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं पाचवं वर्ष संपत आलं. शेवटचं काम म्हणजे आमच्या गल्लीचा नकाशा. एका संध्याकाळी तिनं तो ओट्यावर पसरला. "उद्या दहा वाजता आमचे सर येणार. कागद हातात धरून कुठंही टेप टाकतील. एक माप खोटं निघालं, तर दोन्ही डिग्र्या वर्षभर मागं."

रस्त्यावर आलेलं सगळं लाल रंगात होतं. तिच्या बापाची पायरी लाल. शिंप्याची फळी लाल. पोह्याची शेगडी लाल. मी बोट फिरवत माझ्या घरापर्यंत आलो. तिथं पांढरं. हद्दीची रेघ सरळ गेलेली, तिच्या बाहेर ओट्याचा पत्ता नाही.

"माझा ओटा कुठं गेला वं?"

"हद्दीच्या आतच आहे तो."

"मोजला का?"

ती नकाशा गुंडाळायला लागली. "टेप सरकली असंल, आबाजी."

"पाच वर्षांत तुई टेप कधी सरकली?"

"सर हा नकाशा महापालिकेच्या हापिसात देणार आहेत. लाल असंल ते पाडतात," असं खाली पाहूनच म्हणाली आणि चालती झाली. घाईत वही ओट्यावरच राहिली.

अक्षरं वाचायला मला वेळ लागतो, आकड्यांना लागत नाही. प्रत्येक पानाच्या शेवटी एक रकाना होता, 'बसलेले'. माझ्या घरापुढं २. पुढच्या पानावर २. पानं उलटत गेलो, २, २, २. दिवाळीच्या आधी एका पानावर १. तिथून पुढं बाकीचे रकाने कोरे. पायी चालणारे नाहीत, गाड्या नाहीत, सायकलीसुद्धा नाहीत. तिची मोजणी तेव्हाच संपली होती. फक्त 'बसलेले' तेवढं रोज भरलेलं. १, १, १. बाजूला ती स्वतः बसलेली असायची, ते कुठंच धरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी घण, छिन्नी आणि माझी जुनी टेप बाहेर काढली. पहिल्या ठोक्यालाच प्रणाली दारात आली, ब्रश तोंडात.

"आबाजी, काय करून राहिले तुम्ही?"

"नकाशात नाही तो रस्त्यावर काहून ठेवू?"

"अन् मग बसान कुठं?"

"आत सव्वा फूट उरते. दोघं बसतात. मोजलं मी."

ती आत गेली. नळावर चूळ भरल्याचा आवाज आला. मग आली आणि टेपचं दुसरं टोक धरून ओट्याच्या बाहेरच्या कडेशी बसली.

"नीट धर," मी म्हटलं. "सरकू देऊ नको." आणि दोन फूट नऊ इंच दोन सुतावर खडूनं रेघ मारली.