बाबांना कुशीवर पुरलं, त्याची गोष्ट

आयुष्यभर मी मेलेली माणसंच उकरत आले, तेव्हा एक माणूस नीट पुरणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी पाद्रीबाबांना ठणकावून सांगितलं. माणूस म्हणजे माझे बाबा!

वेझेर नदीकाठच्या आमच्या गुहेत बाबांना निअँडरथल माणसाचा सांगाडा सापडला होता. कुशीवर, गुडघे पोटाशी, हात गालाखाली, शेजारी गेरूचे खडे. बाबा म्हणत, त्याला कुणीतरी मायेनं निजवलंय. त्यांचे उत्खननातले जोडीदार आंसेल्मकाका म्हणत, कसलं निजवलंय, पडला आणि वरून माती आली. एवढ्यावरून दोघांनी बोलणं टाकलं. अंथरुणाला खिळल्यावर बाबांनी मला बजावलं, "मला तसंच पूर. गेरूसुद्धा घाल. त्या गाढवाला दिसू दे."

मुटकुळं केलेला माणूस शवपेटीत मावत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुतार हसला, म्हणून अक्रोडाच्या खोक्यांच्या फळ्या काढून चौकोनी पेटी मीच ठोकली. गेरूही सढळ हातानं घातला, चांगला पातळ कालवून. अंत्ययात्रा पावाच्या दुकानापाशी पोचली तोवर पेटीतून लाल धार लागली होती! दुकानदारीण भोवळ येऊन पडली, पोलीस धावत आला, आणि आत कोण, कशानं गेलं, हे भर रस्त्यात समजावताना मला रडू फुटलं. तिकडे पेटीचे खिळे सुटत चालले होते.

कबरीवर दोरांनी पेटी उचलली आणि तळच निसटला. बाबा धपकन खाली गेले. पालथे, तोंड मातीत. कुणी हसलं नाही. जन्मात एकच गोष्ट मागितली होती त्यांनी माझ्याकडे, आणि तीही मला जमली नाही.

गर्दीतून आंसेल्मकाका पुढे आले. धड वाकता येत नाही त्यांना, पण कुणाला न विचारता कबरीत उतरले. बाबांना कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घेतले, तोंडावरची माती रुमालानं पुसली, हात गालाखाली सरकवला. मग तिथेच बसून राहिले.

आम्ही त्यांना ओढून वर काढलं तेव्हा ते गेरूनं नखशिखांत माखले होते.

"पडलाच की नाही?" ते मला म्हणाले. "मी म्हणतच होतो."

"हो, काका."

माती लोटून झाल्यावर लक्षात आलं, काकांचा चष्मा आतच राहिला. उकरू का, म्हणून मी विचारलं. तेवढं मात्र मला खरंच येतं.

"राहू दे," काका म्हणाले. "त्या गाढवाला कधी नीट दिसलंच नाही."