हरिणद्वारा प्रातर्भ्रमण

एका जंगलात, बाळांनो, झुबकेराव नावाचं एक वजनदार अस्वल राहत असे. वजन शरीराचंही आणि शब्दाचंही. सकाळी मोहाची भजी, दुपारी मधातल्या पुऱ्या आणि अधूनमधून विडी, हा त्यांचा नेम कधी चुकला नाही.

एके दिवशी पोळं काढायला झाडावर चढताना त्यांच्या छातीत कळ आली. सुतारपक्षी वैद्यांना बोलावणं गेलं. वैद्यांनी छातीवर टकटक केलं आणि चोच वाकडी केली.

"झुबकेराव, रक्तवाहिन्यांना आतून नाजूक अस्तर असतं. तुमचं खरबरीत झालंय. त्याला चरबी चिकटतेय. विडी बंद, तळण बंद. रोज पहाटे टेकडीपर्यंत दोन कोस चालायचं. नाहीतर हृदय कधी दगा देईल, सांगता येत नाही."

झुबकेराव घाबरले. अगदी मनापासून घाबरले. पण मानकरी अस्वलानं पहाटे उठून तंगडतोड करायची? त्यांच्या घराण्यात कष्टाची व्रतं नेहमी दुसऱ्याकडून करून घेत. जप कावळा करी, पुण्य यांना लागे.

मग काय! मुहूर्त निघाला. हातावर पाणी घेऊन त्यांनी संकल्प सोडला, "मम हृदयरक्षणार्थं प्रातर्भ्रमणं हरिणद्वारा करिष्ये!" आणि एका चितळाला उपरणं देऊन चालायला बसवलं.

"अहो, चालायचं तुम्ही होतं," झुबकेवहिनी कळवळून म्हणाल्या.

"अगं, फळ यजमानालाच मिळतं!" झुबकेरावांनी भजं उचललं.

महिन्याने वैद्यांनी चितळाला तपासलं. "वा! अस्तर कसं रेशमासारखं!" हे ऐकून झुबकेराव आनंदाने नाचले. नाचता नाचता पुन्हा कळ आली.

आता मात्र त्यांना आपली चूक उमगली. "एका हरणानं काय होणार? एकादशणी करायला हवी! अकरा बसवा!"

अकरा चितळं टेकडी चढू लागली. झुबकेराव गुहेच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आज माझं बावीस कोस चालणं झालं!"

तेविसाव्या दिवशी असं सांगता सांगताच ते कोसळले. पुन्हा उठले नाहीत.

"एकदा तरी माझ्यासोबत चालला असतात हो!" वहिनींनी हंबरडा फोडला. सारं जंगल हळहळलं.

अकरा चितळांनी खांदा दिला. एवढं जड अस्वल, त्यात टेकडीवरच्या स्मशानापर्यंत खडी चढण. पण वर पोहोचेपर्यंत एकालाही धाप लागली नाही.

तात्पर्य : पहाटे चालल्याने प्रकृती ठणठणीत राहते. कोणाची, ते विचारू नये.