बोटभर अंतर

“टायर निवडायला अक्कल लागते! कुणीही सोम्यागोम्या उठला आणि टायर घेऊन आला, असं नसतं ते!” तपासनीसाने जाहीर केलं. बायकोने चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, “म्हणजे या रविवारीही नाही का?”

थांबा, पहिल्यापासून सांगायला हवं. हा गृहस्थ लिफ्ट तपासायच्या खात्यात होता. इमारतीत शिरायचं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, दोर बघायचे आणि लिफ्ट नि भिंत यांच्यामध्ये बोट घालून बघायचं. हलणारी वस्तू आणि न हलणारी वस्तू यांच्यात निदान बोटभर अंतर पाहिजे, हा त्याचा नियम. अंतर नाही तर दाखला नाही! “साहेब, चालतंय की!” असं कुणी म्हटलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकोणीस वर्षांत त्याने एकही खोटा दाखला दिला नव्हता. ही गोष्ट तो जेवताना, दाढी करताना आणि पाहुण्यांना दारापर्यंत पोचवताना न चुकता सांगायचा.

तर, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्याने मोठ्या मनाने बायकोला विचारलं, “बोल, काय हवं तुला?”

“मला सायकलच्या कॅरियरवर बसवून तळ्यावर न्या.”

“एवढंच?”

“एवढंच.”

लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं दर रविवारी तळ्यावर जायची. गावातून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत डांबरी रस्ता, पुढे बांधावरची मातीची वाट. ती मागे एका अंगाने बसायची, दोन बोटांनी त्याचा शर्ट धरून. मग संसार लागला मागे आणि तळं राहिलं तिथेच. सायकल मात्र तीच होती. तो रोज तिच्यावरूनच कचेरीत जायचा.

दुसरा कुणी असता तर हवा भरून त्याच रविवारी निघाला असता. हा सायकलीपाशी उकिडवा बसला. त्याने मागचा टायर अंगठ्याने दाबला, मान हलवली आणि म्हणाला, “हे टायर शहरापुरते ठीक आहेत. मातीच्या वाटेवर दोघांचा भार? छे छे!”

“तेव्हा काय होतं मग टायरला?”

“तेव्हा मला कळत नव्हतं!”

पहिल्या रविवारी तो तळ्यावर एकटाच गेला. पाहणी करायला! वही काढून लिहून आला : डांबर दोन भाग, माती एक भाग, मातीत बारीक खडी. ती वही घेऊन तो सायकलवाल्या मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्री म्हणाला, “गुळगुळीत टायर घ्या, डांबरावर नुसता पळतो. नाहीतर हा उठावाच्या रबरी गोट्यांचा घ्या, मातीत घट्ट धरतो.”

“मला दोन भाग गुळगुळीत आणि एक भाग गोट्यांचा हवा.”

“साहेब, टायर आहे हो, शर्टाचं कापड नाही!”

त्यात मेहुण्याने फोनवरून आगीत तेल ओतलं. “दाजी, गोट्यांचाच घ्या! डोळे मिटून घ्या!”

घेतला गोट्यांचा. डांबरावर त्याचा असा घूंऽऽऽ आवाज सुरू झाला, की तळमजल्यावरच्या आजोबांना वाटलं पाण्याचा पंप चालू झाला. बिचारे दोन बादल्या घेऊन नळाशी जाऊन उभे राहिले! सलग तीन दिवस! चौथ्या दिवशी त्यांनी याला जिन्यात गाठलं आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गोट्यांचा टायर परत गेला आणि गुळगुळीत आला. तो बांधावरच्या खडीवर असा काही घसरला, की तपासनीस सोललेलं कोपर घेऊन घरी आला.

“बघ!” तो विजयी मुद्रेने म्हणाला. “तू मागे असतीस तर?”

“मी मागे असते तर तुम्ही हळू चालवली असती,” ती म्हणाली आणि कापूस आणायला उठली.

मग हवेचा प्रश्न आला. भार किती, त्यावर हवा किती हे ठरतं. तपासनीसाने सरळ विचारलं, “अगं, तुझं वजन किती?”

“कशाला?”

“दाखल्यावर... म्हणजे वहीत लिहायचंय.”

तिने वही मिटून त्याच्या हातात दिली. मग याने तिच्यासमोरच मिस्त्रीला फोन लावला. “मागचा भार पंच्याहत्तर धर. नको, ऐंशीच धर. कमी धरून उगाच धोका नको!” स्वयंपाकघरात एक झाकण आपटलं. पुढचे दोन दिवस त्याला चहा वेळेवर मिळाला, फक्त साखर नव्हती.

हे असं करत आठ रविवार गेले. आणि बायकोच्या गुडघेदुखीने उचल खाल्ली. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि सोमवारची तारीख दिली. ऑपरेशन. नंतर वर्षभर सायकल, बांध, चढउतार सगळं विसरायचं, पुढचं पुढे.

“या रविवारी न्या,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून त्याला ते जास्तच लागलं. “आहेत त्या टायरवर न्या. पडलो तरी चालेल. सोमवारी दवाखान्यात जायचंच आहे!”

“पडायचा प्रश्नच नाही! शनिवारी टायर येतोय. असा टायर, की तू बघतच राहशील!”

आणि खरंच आला हो! मधोमध गुळगुळीत पट्टा, दोन्ही कडांना बारीक गोट्या, अंगाने चांगला रुंद. तपासनीसाने अंगठ्याने दाबला आणि त्याला भरून आलं. मिस्त्रीने चाकं बसवली, फिरवली. खर्र खर्र! मडगार्डला घासत होतं.

“दोन हातोडे मारतो, साहेब. थोडं घासेल, पण चालेल.”

झालं! ‘चालेल’ म्हटल्यावर तपासनीस ताठ झाला. “घासेल आणि चालेल? माझी बायको मागे बसणार आहे! टायरपासून बोटभर अंतराच्या आत जे जे येईल ते ते काढ!”

“जे जे?”

“जे जे!”

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला आणि हवेवरून दोघांची जुंपली. हा दुकानाबाहेर फेऱ्या मारत भांडतोय, आत मिस्त्री पान्हा फिरवतोय. मिस्त्री आज्ञाधारक माणूस. त्याने टायरपाशी बोट धरून धरून काम केलं.

“सुटं सामान काय करू, साहेब? तुमचे पहिले जुने टायरही इथेच पडलेत.”

“ठेव तुलाच! अडगळ नको मला.” त्याची नजर टायरवरून हलेल तर शपथ!

घरी येताना सायकल अशी सुळसुळ पळाली, की तो मनाशी म्हणाला, टायर बदलला की गाडी किती हलकी होते, वा! जिन्याखाली त्याने ती भिंतीला टेकवली आणि तिच्यावर चादर घातली. सकाळी बायकोला एकदम दाखवायचं होतं ना!

रविवारी ती लवकर उठली. ठेवणीतले कपडे काढले. एका हाताने कठडा धरून एकेक पायरी उतरत आली, आणि दुसऱ्या हातात उशी होती. जुन्या पडद्याच्या कापडाची, चार कोपऱ्यांना चार नाड्या लावलेली. कॅरियरवर बांधायला तिने आठवडाभर बसून शिवली होती.

“डोळे मीट!” त्याने चादर ओढली. “आता उघड!”

तिने उघडले. सायकलकडे पाहिलं. मग सायकलच्या मागच्या बाजूला पाहिलं. मग हातातल्या उशीकडे.

“अहो,” ती म्हणाली, “ही कुठे बांधू?”

तेव्हा कुठे त्याने टायर सोडून सायकल पाहिली. मडगार्ड नव्हतं, चेनकव्हर नव्हतं, स्टँड नव्हता. सीटच्या मागे होती ती मोकळी हवा.  मिस्त्रीचं दुकान रविवारी बंद! त्याने फोन लावला, कुणी उचलला नाही.

“सीटवर बसतेस? मी ढकलत नेतो.” तिने प्रयत्न केला, पण गुडघा तेवढा वर जाईना. खाली उतरताना तिने ओठ दाबून धरले. “मोरीपर्यंत तरी जाऊ,” ती म्हणाली. “मला जमेल.”

सीटवर हात टेकत, तीन ठिकाणी थांबत, दोघं कशीबशी मोरीवर पोचली. पुढे बांध, बांधाच्या टोकाला तळं. इथून पाणी दिसत नाही. तिने उशी मोरीच्या कठड्यावर ठेवली आणि ती बसली. त्याला सॉरी म्हणायचं होतं. 

इतक्यात घंटी वाजली! मिस्त्री आपल्या सायकलवरून येत होता, मागे मिस्त्रीणबाई ऐटीत बसलेल्या. त्यांच्या बुडाखाली तपासनीसाचं कॅरियर, त्याखाली तपासनीसाचं मडगार्ड, आणि त्याखाली तपासनीसाचे पहिले जुने टायर!

“साहेब, तुमचं सामान काय फिट बसलंय बघा! टायर तर एक नंबर! आताच तळ्याला चक्कर मारून आलो.” मग त्याचं लक्ष उशीकडे गेलं. तो खाली उतरला. बाई त्याच्या आधी उतरल्या. “अरे देवा... वहिनी, ही घ्या सायकल. साहेब, तुम्ही दोघं जाऊन या, आम्ही थांबतो इथे.”

बायकोचा चेहरा असा उजळला, की पंचवीस वर्षं पुसली गेली! ती उशी घेऊन उठली. तपासनीसाने सायकल हातात घेतली. आणि त्याचा अंगठा, तो मेला अंगठा, आपोआप खाली गेला आणि त्याने मागचा टायर दाबला.

क्षणभरच. पण तिने पाहिलं. तो अंगठा, त्याच्या कपाळावरची ती आठी, सगळं पाहिलं.

“राहू द्या,” ती म्हणाली आणि परत बसली. “माझं वजन ऐंशी आहे. नको उगाच धोका.”

“अगं, नाही, मी सहजच... चल ना! चल म्हणतो ना!”

“नको. मन उडालं माझं.” मग जराशाने म्हणाली, “तुम्ही जा. आपली सायकल घेऊन जा. नऊ रविवार घातलेत, टायरांना तळं तरी दाखवून आणा.”

“मी एकटा नाही जाणार.”

“जा म्हणते ना!”

तो गेला. काय करणार! बांधावरून एकटाच गेला, वळसा घालून आला. खडीवर गेला, ओल्या मातीत गेला, उतारावर मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. टायर तसूभर घसरले नाहीत. इतके चांगले टायर त्याने जन्मात पाहिले नव्हते, आणि आपण एकदा तरी पडावं असं त्याला वाटत होतं.

परत आला तेव्हा मिस्त्री-मिस्त्रीणबाई गेली होती. बायको उशीवर तशीच बसलेली.

“कसे आहेत टायर?” तिने विचारलं.

एकोणीस वर्षं ज्याने खोटा दाखला दिला नाही, तो माणूस धुळीकडे बघत म्हणाला, “घसरतात गं. अगदीच टाकाऊ निघाले.”

तिने त्याच्या कपड्यांवरून नजर फिरवली. मातीचा एक ठिपकासुद्धा नव्हता. उशी काखेत मारून ती उठली, आणि दोन बोटांनी त्याचा शर्ट धरला.

“चला,” ती म्हणाली, “हळू चाला पण.”